आधी बसा, मग क्लिक करा!

*भिगवणच्या फ्लेमिंगोंकडे धावताना दौंडचा माळ खिडकीतून मागे पळतो. त्या माळावर चिमणीएवढे पक्षी राहतात. त्यांच्या फोटोसाठी लाखाची लेन्स नसली तरी चालतं, पण एक तास गप्प बसता आलं पाहिजे!*

हिवाळ्यातला कुठलाही रविवार घ्या. पहाटे सोलापूर रोडला लागलेल्या गाड्यांपैकी काहींच्या मागच्या सीटवर ट्रायपॉड आडवा पडलेला असतो. ही मंडळी निघालेली असतात भिगवणला. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उतरलेले असतात. नावाडी होडीतून नेऊन आणतो, फोटो बहुतेक वेळा मिळतोच आणि दुपारपर्यंत तो इन्स्टावर चढतोसुद्धा. यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ ही नावं मात्र फक्त 'चहाला कुठे थांबायचं?' एवढ्यापुरतीच आठवतात.

यात चूक काही नाही. फ्लेमिंगो देखणाच आहे. पण तुम्ही पक्षी टिपायला नुकती सुरुवात करत असाल, हातात मित्राचा किंवा दादाचा कॅमेरा असेल आणि शिकायचं मनावर घेतलं असेल, तर पाटस-कुरकुंभच्या आसपासच एखाद्या सकाळी उतरा. दौंड तालुक्याचा भीमेकाठचा उत्तर भाग उसाने हिरवागार असतो. दक्षिणेकडे, रोटी घाटाच्या बाजूला गेलात की चित्र बदलतं. तुकोबांची पालखी दरवर्षी चढते तोच हा घाट. इथे जिरायत शेती, मधूनमधून बाभळी आणि गुडघाभर गवताचा माळ दिसतो. पहिल्या नजरेला 'इथे काय आहे?' असं वाटतं. पाच मिनिटांनी गवत हलायला लागतं.

माळावरची मंडळी

सुरुवात डोंबाऱ्यापासून करू. डोंबारी हा चंडोलांच्या कुळातला, चिमणीहूनही थोडा लहान पक्षी. नराचं पोट काळं, डोकं राखाडी आणि डोळ्यातून गेलेली काळी पट्टी. मादी साधी मातकट, ढेकळात बसली की ढेकूळच वाटावी अशी. विणीच्या दिवसांत नर सरळ उंच चढतो, पंख मिटतो आणि दगडासारखा खाली येतो. जमिनीवर आपटणार असं वाटेपर्यंत पुन्हा वर! दोरीवरच्या कसरती करणाऱ्या डोंबाऱ्यांवरून त्याला हे नाव कोणी दिलं असेल, त्याने पक्षी नीट पाहिला होता एवढं नक्की.

त्याच्याच शेजारी डोक्यावर तुरा असलेला साइक्सचा चंडोल भेटतो. हा फक्त भारतात सापडतो, तोही कोरड्या उघड्या माळांवर. कुंपणाच्या खांबावर काळा-पांढरा कवड्या गप्पीदास बसलेला असतो. बाभळीच्या टोकाला खाटीक असतो. टोळ किंवा सरडा पकडून काट्याला अडकवून ठेवायची त्याला सवय, म्हणून हे नाव. तारेवर वेडा राघू, नांगरटीत धोबी, पिकाच्या शेंड्यावर वटवट्या आणि बियांनी लगडलेल्या गवतात मनोल्यांचा थवा. यातले बहुतेक पक्षी तुमच्या मुठीत मावतील एवढे. जवळपास सगळे रोज दिसणारे. आणि आपल्या फोनच्या गॅलरीत त्यातला एकही नाही!

या पक्ष्यांची नावं शोधताना एक नाव विसरू नका, मारुती चितमपल्ली. वनखात्यात नोकरी करताना आदिवासी, पारधी, गुराखी यांच्याकडून ऐकलेले शब्द त्यांनी जपले आणि 'पक्षिकोश' मराठीत आणला. ते २०२५ मध्ये गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबरला आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबरला. म्हणूनच महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' असतो. कॉलेजात नेचर क्लब असेल तर ही तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.

कॅमेऱ्याआधीचा माणूस

चंडोलाच्या नावातला हा साइक्स कोण? कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ पासून तो मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. लोक किती, पिकं कोणती, पाऊस किती हे लिहिता लिहिता त्याने इथल्या पक्ष्यांचीही यादी केली. ती १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या अंकात आली. तुऱ्याचा हा चंडोल विज्ञानाला पहिल्यांदा कळला तो त्यातूनच. आपल्या विहिरीकाठी बसणाऱ्या ढोकरीचं शास्त्रीय वर्णनही त्याच यादीतलं.

आता तारीख बघा. फोटो काढायची पहिली व्यवहार्य पद्धत जगासमोर आली १८३९ मध्ये, म्हणजे साइक्सच्या यादीनंतर सात वर्षांनी. त्या काळी पक्ष्याची नोंद करायची तर तो बंदुकीने पाडावा लागे, कातडं पेंढा भरून ठेवावं लागे. पुरावा हवा तर जीव घ्यावा लागे. आज तोच पुरावा तुम्ही पक्ष्याच्या पिसालाही धक्का न लावता आणू शकता. कॅमेऱ्याने दिलेली ही सगळ्यात मोठी सोय आहे. फक्त ती वापरताना पिसाला खरंच धक्का लागत नाहीये ना, एवढं बघायचं.

लेन्सचं गणित

'माझ्याकडे सहाशेची लेन्स नाही, मी काय काढणार?' हे वाक्य कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. चला, गणितच मांडू.

समजा, पक्षी १३ सेंटीमीटरचा आहे आणि तुमच्याकडे साध्या डीएसएलआरसोबत मिळते ती २५० मिमीपर्यंतची झूम लेन्स आहे. पक्षी १० मीटरवर असताना तो फ्रेमच्या रुंदीच्या साधारण सातव्या भागात येतो. म्हणजे ठिपकाच. तोच पक्षी ५ मीटरवर आला तर दुप्पट मोठा दिसतो, फ्रेमचा जवळपास तीस टक्के भाग व्यापतो. हाच परिणाम १० मीटरवरून हवा असेल तर ५०० मिमीची लेन्स घ्यावी लागेल. थोडक्यात, पक्ष्याने निम्मं अंतर कापलं की तुमची लेन्स फुकटात डबल!

दुसरं कारण उन्हाचं. सकाळी नऊ-साडेनऊनंतर माळ तापायला लागतो आणि जमिनीलगतची हवा थरथरते. डांबरी रस्त्यावर पाणी असल्यासारखं चमकतं ना, तसंच. या झळेतून लांबून काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, मऊच येतो. जवळच्या फोटोत मधली हवाच कमी असते.

आता खरा प्रश्न. अंतर कमी कोणी करायचं? तुम्ही चालत गेलात तर पक्षी उडतो. पुन्हा मागे गेलात, पुन्हा उडतो. तिसऱ्यांदा तो शेजारच्या शेतात जातो आणि तुमच्याकडे उरतात पाठमोऱ्या पक्ष्यांचे चाळीस फोटो. अंतर पक्ष्यालाच कमी करू द्या. तो यावा म्हणून आपण काय करायचं, तर बसायचं.

बसायचं म्हणजे नेमकं काय?

आधी दहा मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवा आणि बघा. माळावरच्या प्रत्येक पक्ष्याचं रूटीन ठरलेलं असतं. वेडा राघू एका काटकीवरून उडतो, हवेत माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच काटकीवर परत येतो. पकडलेली मधमाशी असेल तर ती फांदीवर आपटून तिची नांगी निकामी करतो, मगच गिळतो. म्हणजे तो पुढच्या मिनिटाला कुठे असणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. नवशिक्यांसाठी याच्याइतका चांगला गुरू नाही. गप्पीदास आणि खाटीक यांच्याही ठरलेल्या जागा असतात. त्या हेरा.

मग सूर्य पाठीमागे घेऊन, एखाद्या बांधाच्या किंवा बाभळीच्या आडोशाला बसा. उभ्या माणसाची आकृती आभाळावर उठून दिसते आणि पक्ष्यांना तीच खटकते. बसलेला माणूस झुडपात मिसळून जातो. जमिनीवरचा चंडोल काढायचा असेल तर पोटावर झोपा. उभं राहून काढलेल्या फोटोत चंडोलाची पाठ आणि माती एवढंच येतं. त्याच्या डोळ्याच्या पातळीला कॅमेरा आला की मागचं गवत धूसर होतं आणि तेवढासा पक्षी एकदम भारदस्त दिसायला लागतो. कपडे मातकट असू द्या. पांढरा शर्ट आणि निऑन शूज कॉलेज डेजसाठी ठेवा.

पहिली पंधरा मिनिटं काही घडत नाही. विसाव्या मिनिटाला तुम्हाला फोन काढावासा वाटतो. काढू नका! साधारण अर्ध्या तासाने मातीवर काहीतरी तुरुतुरु धावतं. तोपर्यंत माळाने तुम्हाला मान्य केलेलं असतं.

अजून एक गावरान युक्ती. शेतात ट्रॅक्टर फिरत असेल तर बांधावर थांबा. मातीतून वर येणाऱ्या किड्यांसाठी धोबी, कोतवाल, गायबगळे, साळुंक्या नांगरामागे चालत येतात. ट्रॅक्टरला, गुरांना, मेंढ्यांना ते सरावलेले असतात. शेतकऱ्याला आधी विचारा, एवढंच. 'काका, इथं बसून पाखरांचे फोटो काढले तर चालेल का?' एवढ्या वाक्याने बहुतेक बांध उघडतात आणि पाखरं कुठे बसतात याची माहितीही मिळते.

सेटिंग सांगा ना!

सांगतो. लहान पक्षी स्थिर बसलेला वाटला तरी त्याची मान सेकंदाला हलत असते. त्यामुळे शटर स्पीड निदान १/१००० ठेवा, उडताना पकडायचा असेल तर १/२००० किंवा त्याहून वर. आयएसओ ऑटोवर टाका. फोटोत थोडे दाणे आले तरी नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा आणि पॉइंट एकच, तोही डोळ्यावर. शेपटी धूसर चालते, डोळा धूसर चालत नाही. काळा गप्पीदास आभाळासमोर बसला असेल तर एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा, नाहीतर फक्त सावली येईल.

डीएसएलआर नसेल तर ब्रिज कॅमेरा हा मधला मार्ग आहे. निकॉन पी९५० मध्ये ८३ पट झूम आहे, कॅननच्या एसएक्स७० मध्ये ६५ पट. सेकंडहँड मिळाला तर बघा. तेही नसेल तर ८ बाय ४२ ची दुर्बीण आणि तिच्या भिंगाला लावलेला मोबाइल! फोटो स्पर्धा जिंकणार नाही, पण कुठला पक्षी होता हे त्यावरून नक्की सांगता येतं. ते महत्त्वाचं का, याकडे पुढे येऊच.

सरावासाठी दौंडपर्यंत जायचीही गरज नाही. कॉलेजच्या कँटीनमागची चिमणी, बुलबुल आणि शिंजीर यांच्यावर हात बसवा. तिथे हजार फोटो वाया गेले तरी हरकत नाही.

कधी काय दिसतं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पाहुण्यांचे दिवस. शाळू निसवला की काळ्या डोक्याचे भारीट त्यावर उतरतात. ते थेट पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोपच्या बाजूने आलेले असतात. गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे तर शेतावरून ढगासारखे वळतात. हे दृश्य कॅमेऱ्याला कितीही गोड वाटलं तरी ज्याचा शाळू आहे त्याच्यासाठी ते नुकसान असतं, हे लक्षात ठेवा. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं राखायचे ते याचसाठी. भोरड्या टोळही खातात हा मुद्दा आहेच, पण तो शेतकऱ्याला शिकवायला जाऊ नका. आधी त्याचं ऐका.

मार्च ते जून डोंबाऱ्याच्या कसरतींचा काळ. याच दिवसांत वेडा राघू ओढ्याच्या दरडीत किंवा सपाट मातीत बीळ खणून घरटं करतो.

पावसाळ्यात मंच सुगरणीचा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लटकायला लागतात. बहिणाबाईंच्या कवितेमुळे हा खोपा सुगरणीचा म्हणून घराघरांत पोचला, पण प्रत्यक्षात तो विणतो नर. अर्धा खोपा झाला की माद्या येऊन तपासतात. पसंत पडला तर जोडी जमते आणि तो पूर्ण होतो, नाहीतर अर्धाच राहतो. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला तासन् तास बसून हे उलगडलं. अर्धवट खोप्यांचा अर्थ कळला तो बसून बघणाऱ्याला!

घरटं दिसलं तर मागे फिरा

आता जरा गंभीर बोलू. चंडोल, डोंबारी, टिटवी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे गवताच्या झुबक्याच्या किंवा ढेकळाच्या आडोशाला केलेली वाटीएवढी खळगी. वरून बघाल तर दिसणार नाही, आणि तुमचा बूट तर तिला बघणारच नाही. म्हणून मार्चनंतर माळावर पायवाट आणि गाडीरस्ता सोडू नका. बाइक माळात घालून रील बनवायची आयडिया डोक्यात असेल तर तिथेच सोडा.

'फक्त दोन फोटो, मग लगेच निघतो' असं म्हणत कोणी घरट्यासमोरचं गवत बाजूला करतं. फ्रेम स्वच्छ होते. पण ते गवत म्हणजेच त्या पिल्लांची सावली आणि लपण होतं. तुम्ही गेल्यावर तिथे ऊन येतं, कावळा येतो, मुंगूस येतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून नराला बोलावणं हाही तसाच प्रकार. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर आला. खाणं, पिल्लं सोडून तो भांडायला धावतो, आणि समोर कोणी नसतंच.

हे फक्त सभ्यतेपुरतं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही येतं. म्हणजे बंदूक नसतानाही शिकार होऊ शकते.

पक्षी त्रासलाय हे कसं ओळखायचं? तो तसं सांगत असतो. चोचीत किडा घेऊन बसलाय आणि कुठेच जात नाहीये, म्हणजे घरटं जवळ आहे आणि तुम्ही आडवे आला आहात. एकच तीक्ष्ण आवाज पुन्हा पुन्हा काढतोय, टिटवी डोक्यावर घिरट्या घालतेय, एखादा पक्षी पंख लोंबवत लंगडल्याचं नाटक करतोय, तर उठा आणि आल्या वाटेने मागे जा. त्या फोटोचं काही अडलेलं नाही.

फोटो काढला, पुढे काय?

देशभरातल्या ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल कळू शकला, त्यातल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. आणि ज्यांची घट ठळक आहे त्यांत गवताळ, उघड्या जागेतले पक्षी आहेत.

का घटतायत, याचं एक कारण आपल्या भाषेतही आहे. आपण माळाला काय म्हणतो? पडीक. सरकारी कागदही तेच म्हणतात. देशाच्या 'वेस्टलँड अॅटलास'मध्ये झुडपी, उघड्या जमिनी पडीक म्हणून मोडतात. एकदा पडीक ठरली की तिथे काहीही करता येतं. एमआयडीसी, एनए प्लॉटिंग, सोलर पॅनल, आणि सगळ्यात पुण्याचं काम म्हणजे वृक्षारोपण!

एनएसएसच्या कॅम्पला गेलेल्या प्रत्येकाने इथे जरा थांबावं. उजाड दिसणाऱ्या माळावर खड्डे खणून रोपं लावताना आपल्याला छान वाटतं. पण डोंबाऱ्याला झाडं नकोच असतात. त्याला लांबपर्यंत दिसणारी मोकळी जमीन हवी असते. दाट झाडी झाली की तो आणि चंडोल निघून जातात. धनगरांच्या मेंढ्यांचा चाराही त्याच गवतावर असतो. झाडं लावायला जागा पुष्कळ आहेत. गावठाण, शाळा, रस्त्याकडेला जरूर लावा. माळावर खड्डा मारण्याआधी मात्र एक सकाळ तिथे बसून बघा, कोण कोण राहतंय ते.

आणि जे दिसलं त्याचा फोटो काढून नोंदवा. दुर्बिणीमागून मोबाइलने काढलेला तो साधा फोटो इथे कामाला येतो. तारीख, जागा आणि पक्षी ओळखू येईल एवढी स्पष्टता असली की तो ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्टवर टाकता येतो. अशाच नोंदी साठत जाऊन २०२३ चा तो अहवाल बनला. उद्या कोणी 'इथे काहीच नव्हतं' म्हणालं, तर तुमची नोंद म्हणेल की होतं, अमुक तारखेला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, नर आणि मादी दोघंही. भिगवणच्या फ्लेमिंगोला हजार साक्षीदार आहेत. रोटीच्या माळावरच्या चंडोलाला मोजकेच.

फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो आणि त्याच सुमारास कॉलेजांसाठी 'कॅम्पस बर्ड काउंट'. पंधरा मिनिटं पक्षी बघायचे, मोजायचे आणि यादी टाकायची. ओळखायला 'मर्लिन' हे मोफत अॅप मदत करतं. माळ जरा मार्गदर्शकासोबत बघायचा असेल तर पुणे वनविभागाची गवताळ सफारी शिर्सुफळ आणि कडबनवाडीला आहे. चौफुल्याहून मोरगाव रस्त्याला लागलात की सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य चिंकारांसाठी ओळखलं जातं, पण गेटमधून आत गेल्यावर नजर जरा खालीही ठेवा.

निघण्याआधी हे वाचाच

• शिरूर, दौंड, जुन्नर, आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. उसाच्या कडेला, अंधारात किंवा एकट्याने अजिबात बसू नका. बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राणी वाटू शकतो. उघडा माळ निवडा, उजाडल्यावर जा, दोघं-तिघं मिळून जा.

• शेत खासगी असतं. विचारल्याशिवाय आत शिरू नका. पिकात पाय घालू नका.

• दौंडला राज्य राखीव पोलिस दलाचा तळ आहे, मोठं रेल्वे यार्डही आहे. तिथे कॅमेरा बाहेर काढू नका.

• अभयारण्यात आणि वनविभागाच्या जागेत परवानगी घेऊनच जा.

• घरट्याचा फोटो, लोकेशन काहीही पोस्ट करू नका. चुकून टिपला गेला असेल तर तो स्वतःजवळच ठेवा.

• पाणी, टोपी, बसायला जुनं पोतं आणि घरी 'कुठे चाललोय' याचा एक मेसेज. पोतं विसरलात तर कुसळं दिवसभर आठवण करून देतील!

दौंडची पहिली गाडी पकडायची तर शनिवारी रात्री लवकर झोपावं लागेल, हे कळतंय. अवघड आहे, पण करून बघा. गेलात, तासभर बसलात आणि एकही फोटो आला नाही, तरी एक यादी बनेल. ती टाका. माळावर कोणीतरी राहतं याची तेवढी नोंद तुमच्या नावावर राहील.